डाव मोडणारं नेट

लग्नानंतर मी पुण्याहून बेंगळुरूला आले ती थेट जे. पी. नगरमधल्या सासरच्या घरी. नवरा बोलका, सासूबाई त्याच्याहून बोलक्या. त्यामुळे सासऱ्यांशी आपलं फारसं बोलणं होत नाही, हे बरेच महिने माझ्या लक्षातही आलं नाही. बाबा अबोल. इथल्याच एका सरकारी कारखान्यात, तपासणी विभागात त्यांची सगळी नोकरी झालेली. सकाळी मी चहा द्यायचे, ते इथल्या सवयीनं कानडीत "सरी", म्हणजे "बरं", म्हणायचे, आणि तेवढ्यावर आमचा दिवस भागायचा. मग कंपनीनं नवऱ्याला काही महिन्यांसाठी परदेशी पाठवलं आणि जेवणाच्या टेबलावर माझं आणि बाबांचं न बोलणं जाणवायला लागलं. आई बोलत असायच्या, पण आम्ही दोघं आपापल्या ताटात बघून जेवायचो.

बाबांचा शौक एकच, बुद्धिबळ. त्यांचे थोरले भाऊ सांगलीला असतात. दोघं निवृत्त झाल्यापासून रोज संगणकावर एकमेकांशी खेळायचे आणि शेजारी फोन स्पीकरवर ठेवून गप्पा मारायचे. मोबाइलवर पट नीट दिसत नाही म्हणून नवऱ्यानं जाण्यापूर्वी बाबांना नवा डेस्कटॉप आणून दिला होता. दुकानातल्या माणसानं तो मागच्या खोलीत, टेबलाखालच्या कप्प्यात बसवला होता. मात्र वायफाय त्याला जेमतेम मिळायचं. डाव रंगात आला की नेट जायचं, पटावरचं घड्याळ पुढे पळत राहायचं, आणि वेळ संपली म्हणून बाबा हरायचे.

एका शनिवारी दुपारी मी त्या खोलीवरून जात होते. स्पीकरवर काका म्हणत होते, "तू नेटमुळेच हरतोस. माझ्याकडून हरलास असं तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही मी."

 फोन ठेवून बाबा थिजलेल्या पटाकडे बघत बसले. मला राहवलं नाही.

"बाबा, मी बघू का?"

त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली.

मी व्हाइटफील्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे घरातल्या कुठल्याही वायरीतलं मला कळतं, असा नातेवाइकांचा समज आहे. खरं तर मलाही अंदाजच करायचा होता. मी भराभर ठरवलं: राउटर बंद करून चालू करू, त्याची जागा बदलू, संगणकाचं सेटिंग बदलू.

"थांब," बाबा म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशानं सुधारलं ते कळणार कसं?"

तोपर्यंत ते माझ्याशी एवढं सलग कधी बोलले नव्हते.

मग आम्ही त्यांच्या पद्धतीनं गेलो. राउटर बंद करून चालू केला. फरक नाही. माझा फोन संगणकाला अगदी चिकटवून धरला, तर त्यावर सिग्नल भरभरून आणि संगणकावर एकच काडी. बाबांचा चेहरा खुलला. "म्हणजे राउटरचा दोष नाही. पेशंट हाच."

आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि कप्प्यातून संगणकाचा डबा ओढून बाहेर काढला. मागच्या बाजूला धूळ होती, वायरींचा गुंता होता, आणि दोन छोटी पितळी टोकं मोकळीच होती, काहीतरी लावायचं राहून गेल्यासारखी. बाबांनी त्यांवरून बोट फिरवलं.

"इथे आटे आहेत. काहीतरी बसायचं असणार."

माळ्यावरचं खोकं काढलं. थर्माकोलच्या खाली, न फोडलेल्या पिशवीत, दोन काळे अँटेना होते. दुकानातल्या माणसानं ते लावलेच नव्हते आणि घरात कोणाला त्यांची गरज कळली नव्हती. बाबांनी स्वतः ते फिरवून बसवले. पडद्यावरच्या काड्या वर चढल्या. बाबा हसायला लागले, इतके की आई पाहायला आल्या.

रविवारी पुन्हा डाव लागला. नेट छान होतं, आणि ऐन मध्यावर पुन्हा गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मायक्रोवेव्हची शिट्टी आली आणि नेट परत आलं. आम्ही दोघं एकदमच उठलो.

मी आईंना म्हटलं, "आई, एक कप पाणी ठेवून मायक्रोवेव्ह चालू करा ना."

"कशाला? चहा हवाय?"

"नको. नुसता चालू करा."

"गेलं," आतून बाबांचा आवाज आला.

"आता बंद करा."

"आलं."

आम्ही हे पुन्हा केलं. मग बाबांना खात्रीसाठी आणखी एकदा हवं होतं. शेवटी आई म्हणाल्या, "तुमचं दोघांचं होईपर्यंत माझं पाणी आटून गेलं. निदान चहा तरी प्या."

चहा पिता पिता मी बाबांना समजावलं. राउटरमधून दोन प्रकारचे सिग्नल निघतात, त्यातल्या एकालाच मायक्रोवेव्हचा त्रास होतो, आणि आपला संगणक सवयीनं नेमका तोच धरून बसलाय. दुसरा सिग्नल भिंतींतून फार लांब जात नाही. म्हणून आम्ही राउटर टीव्हीमागून काढून मधल्या पॅसेजच्या फळीवर ठेवला. खात्रीसाठी बाबांनी आधी फक्त जागा बदलली, काड्या पाहिल्या, मगच मला सिग्नल बदलू दिला.

संध्याकाळी काकांशी पूर्ण डाव झाला. मध्ये आईंनी मुद्दाम भाजी गरम केली. नेट हललं नाही. बाबा हरले, अगदी चोख हरले, आणि फोनवर म्हणाले, "दादा, तुझा उंट काय सुरेख आला रे त्या कोपऱ्यातून." मग दोघं त्या उंटाबद्दलच बोलत राहिले. मी दारात उभी राहून ऐकत होते. बाबांनी मला हातानं आत बोलावलं आणि शेजारच्या स्टुलावर बसायला सांगितलं. घोडा कसा चालतो, हे मी त्या दिवशी शिकले.

पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या अक्का आल्या. त्यांच्या मुलाच्या संगणकालाही असंच होत होतं. "स्वल्प, थोडंसं बघता का?" असं बाबांना विचारून त्या पुढे वर गेल्या. बाबांनी चष्मा पुसला, चपला घातल्या आणि मला हाक मारली, "चल गं, तुझा फोन घे. आधी फोन संगणकाला चिकटवून बघू, मग पुढचं." जिना चढताना ते मला कारखान्यातल्या एका बिघडलेल्या यंत्राची गोष्ट सांगत होते. ती रंगात आली, म्हणून अक्कांच्या दारात पोचूनही मी घंटा न वाजवता ती तशीच पूर्ण ऐकली.