मावशींच्या गळ्यातली किल्ली

आमच्या दहिवली गावच्या शाळेतल्या शिपाई मावशींना रागवायला मुहूर्त लागत नसे. समोर मुख्याध्यापक असोत की सरपंच, "आधी माजं ऐका" म्हणून त्या सुरू व्हायच्या. रोज कुंभिवलीहून यायच्या. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात शिक्षकांच्या संडासाची किल्ली असायची. मुलींचा संडास कायम तुंबलेला आणि हा चांगला तेवढा कुलपात! कसली शाळा ही?

सहावीत असताना माझ्या लेकीच्या, ऋतुजाच्या, मोठ्या आतड्याला जखमा होऊ लागल्या. दिवसातून दहादा पळावं लागे, रक्त पडे. वर्गातून दुसऱ्यांदा उठली की बाई म्हणत, "नाटकं पुरे." मावशीच तिला गुपचूप किल्ली द्यायच्या.

साध्या गोळ्या लागू पडेनात, म्हणून स्टिरॉइड सुरू झालं आणि पोरीचे गाल गुबगुबीत झाले. सगळी आळी म्हणाली, काय बाळसं धरलंय! मीही हुरळले, तिची दृष्ट काढली. डॉक्टरांनी विचारलं की ती सांगायची, "दोनदाच जाते. रक्त नाही." मीही मान डोलवायची.

एके दिवशी मावशींनी मला फाटकातच अडवलं आणि थेट त्या संडासात नेलं. दाराच्या आतल्या बाजूला रोजच्या तारखेपुढे मावशींनी ओढलेल्या खडूच्या रेघा होत्या, ऋतुजाच्या एकेका खेपेची एक. रक्त दिसलं तिथे लाल खडू. पांढऱ्या रेघा थोड्याच होत्या.

"मी साफ करते वैनी, मला ठाव हाय. गालांवर जाऊ नका. गाल सुजल्यात, पोरगी बरी नाय."

आमच्या मागोमाग आलेली ऋतुजा रडायलाच लागली. औषध चाललं नाही तर आतडं काढतात, पोटाला पिशवी लावतात, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. मावशी तिच्यावरही कडाडल्या, "लपिवलंस तर दुसरं औशद देनार कसं गं? डॉक्टरला काय सपान पडतंय?"

दाराचा फोटो पाहून मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "या औषधाने भागत नाहीये. आता सलाइनमधून वेगळं देऊ." ते प्रत्येक मुलाला लागू पडतंच असं नाही. हिला पडलं. तिसऱ्या सलाइननंतर रक्त थांबलं.

आणि मावशींना काय मिळालं? विद्यार्थिनीला किल्ली दिली, दार रंगवलं, म्हणून कामावरून काढलं. पालकसभेत मी होते. लेकीला तिथेच शिकायचं होतं, म्हणून तोंड शिवून बसले. मुख्याध्यापकांपेक्षा मला माझीच चीड जास्त येते.

गेल्या महिन्यात मावशी वारल्या. शाळेने शोकसभा घेतली, पालकांनाही बोलावलं, फोटोला हार घातला. मुख्याध्यापक गहिवरून म्हणाले, "अशा मायाळू सेविका आता मिळत नाहीत."

दहावीतली ऋतुजा उठली. "सर, मग त्यांना काढलं का?"

बाईंनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. या वेळी मीही उठले.