रंग ओरिजिनल आहे

मंगल कार्यालयाबाहेर वरातीसाठी जुनी अमेरिकन गाडी सजली होती. लांबलचक बॉनेट, चकाकणारं क्रोम, मागे पंखांसारखे उंच पत्रे. ती सुरू झाली आणि टेम्पोसारखी खडखडली.

लग्नाला आलेल्या सुमनताई थबकल्या. गाडी पूर्वी त्यांचीच. "आठ सिलिंडरचं इंजिन कुठंय?"

"भंगारात, काकू. टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलंय. फोटोत काय आवाज येतो?" नवा मालक हसला.

एवढं धूड निःशब्द चालावं, यासाठी कुणीतरी डोकं झिजवलं होतं. ते भंगारात गेलं, पत्रा राहिला. यालाच आपण वारसा म्हणतो.

"जशीच्या तशी ठेवीन, म्हणाला होतास."

"ठेवलीय की! रंगसुद्धा ओरिजिनल आहे."

तो खोटं बोलत नव्हता. संताप येतो तो त्याचाच.