न्हावऱ्याहून परत आणलेली होडी

शिक्रापूरच्या चौकात माझी कंपनीची बस थांबते, तिथंच मामांची प्लॅस्टिक वेल्डिंगची शेड आहे. फुटक्या पाण्याच्या टाक्या जोडतात. धुरानं एक डोळा कायम बारीक, आणि हातातली गन खाली ठेवली की दर वेळी बोटं मोडतात. नाव मी कधी विचारलं नाही, मामा म्हणतो.

मागं त्यांच्याकडं भंगारात कयाक आल्या होत्या, खळाळत्या पाण्यात चालवायच्या जुन्या लांब होड्या. तेव्हा सगळ्यांना आखूड हव्या होत्या. मामांनी लांब होड्यांची वरची बाजू कापली आणि खालची न्हावऱ्याच्या गोठ्यांत म्हशींच्या पाण्याला दिली. आता पुण्याची मंडळी त्याच लांब होड्या शोधत येतात. सरळ आणि जोरात जातात म्हणे.

मामांनी एक परत आणली. शेडच्या पत्र्यावर टाकलेली तिची वरची बाजू उतरवली आणि आठवडाभर बसून जोडली. गिऱ्हाईक आलं, सांध्यावरून बोट फिरवलं, जोराच्या पाण्यात हे टिकणार नाही म्हणालं आणि गेलं.

"कापताना कुणी थांबवलं न्हाई," मामा एवढंच बोलले.

काल शिफ्ट करून उतरलो, तर मामा शेडमध्ये त्या होडीत पाय लांब करून बसले होते. बाहेर ट्रकची रांग लागलेली.

"कुठं निघालात मामा?"

"कुठं न्हाई. उद्या परत कापायची हाय. तवर म्हशी बादलीनं पित्यात." त्यांनी डोळे मिटले. "आज बसून घेतो."

मी शेजारी फरशीवर बसलो आणि बूट काढले.