पूर्वजांच्या ताटातले पीच

प्यो दोक-गिल हा सतराव्या पिढीचा खानदानी माणूस आहे, ही गोष्ट कोरियातल्या आमच्या आंदोंगमध्ये फक्त बाहेरगावच्या लोकांना माहीत आहे. आम्ही शेजारी त्याला खारवलेल्या बांगड्यांच्या हातगाडीवाल्याचा धाकटा मुलगा म्हणून ओळखतो. बाप प्रामाणिक होता आणि बांगडे चांगले असत. मुलाला त्या वासाची लाज वाटली. त्याने आधी व्हिडिओ कॅसेटी भाड्याने दिल्या, मग पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकली. दोन्ही धंद्यांच्या पाट्या उतरल्या ते दिवस माझ्या रोजनिशीत आहेत. त्याला विचारलं तर आठवणार नाहीत.

नदीवर लांब लाकडी पूल झाला, मुखवट्यांच्या नाचाचं गाव आणि जुनी विद्यापीठं बघायला बसेस येऊ लागल्या, आणि दोक-गिलला पूर्वज सापडले. माझ्या भिंतीला लागून असलेलं कौलारू घर त्याने एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतलं. घोड्याच्या केसांची उंच काळी टोपी घालून तो दारात उभा राहू लागला. आत श्राद्धाचं जेवण मिळे: भात, पाच-सहा भाज्या, उकडलेल्या शार्कचे तुकडे, आणि कालवायला मिरचीच्या चटणीऐवजी सोया सॉस. बाहेरच्या ओट्यावर खरेदी. आमच्याकडचं तागाचं पिवळसर कापड प्रसिद्ध आहे आणि आम्ही ते मुख्यतः प्रेताच्या अंगावर घालतो. दोक-गिल त्याचे गळपट्टे करून विकी. सोलहून आलेल्या बायका ते गळ्यात गुंडाळून पुलावर फोटो काढत. मी खिडकी लावून घेत असे.

स्वयंपाक त्याची बायको बुन-रे करी. तिची आई एका खऱ्या जुन्या घराण्याच्या चुलीपुढे चाळीस वर्षं राबली होती आणि ही तिच्या मांडीशी बसून शिकली. गिऱ्हाइकांना मात्र दोक-गिल सांगे, "ही चव आमच्या घराण्याची." बुन-रे आतून म्हणे, "हो, बांगड्यांच्या घराण्याची." आवाज भांड्यांत बुडून जाई.

गेल्या ऑगस्टमध्ये प्रकरण गळ्याशी आलं. पर्यटकांच्या नकाशावर श्राद्धाच्या जेवणाचं एकच घर नोंदायचं आणि दाराला पितळी फलक लावायचा, असं नगरपालिकेने ठरवलं. तीन घरं तपासायची होती. बसेस आधीच पुलापलीकडच्या मोठ्या हॉटेलात थांबू लागल्या होत्या. फलक दुसरीकडे गेला असता तर नव्या वर्षापर्यंत कुलूप लागलं असतं, आणि सहासष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, बुन-रे बाजारातल्या कोंबडीच्या खाणावळींच्या गल्लीत भांडी घासायला गेली असती. नवऱ्याने काय केलं असतं ते सांगत नाही. तो उभा राहिला असता, कुठेतरी, टोपी घालून.

आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. माझे पती त्याला मोठ्या भावासारखे होते, म्हणून मी त्याची वहिनी.

"वहिनी, उद्या तुम्ही एवढंच सांगा, हे घर तुमच्या लहानपणापासून असंच आहे."

"घर असंच आहे. तू त्यात बारा वर्षांपूर्वी आलास."

"तेवढं कोण विचारतं?"

"विचारलं तर?"

"तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलात. तुमचं कोणीही खरं मानतं."

"म्हणूनच मी खोटं बोलत नाही," मी म्हटलं. तो हसला. मी थट्टा करते असं त्याला वाटलं.

सकाळी माझ्यासमोरच त्याने दालनात फोटोसाठी श्राद्धाचं मेज मांडलं. मागे पडदा, पुढे समया, तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. हे सगळं तो कुठल्याशा पुस्तकात बघून करत असे. आणि मधोमध, गुलाबी, टपोरे, नऊ पीच.

बुन-रे हात पुसत बाहेर आली. "हे काढा."

"का? रंग बघ किती खुलतोय."

"पीच ठेवत नाहीत. पितर दारातून परत जातात."

"तुझ्या आईच्या काळात कॅमेरे नव्हते," दोक-गिल म्हणाला.

ती माझ्याकडे बघून चुलीकडे वळली. मला तेव्हा बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला त्याची फजिती बघायची होती.

समितीत तिघे होते. त्यांतले ग्वोन जे-उक खऱ्या जुन्या घराण्याच्या थोरल्या शाखेचे, ऐंशीच्या पुढचे, बेताचं बोलणारे. ते मेजापुढे उभे राहिले.

"पाहुण्यांना बोलावलंत," ते म्हणाले, "आणि दारात कुत्रा बांधलात."

दोक-गिलला कळलंच नाही. समितीतल्या बाईने हळूच पीचकडे बोट दाखवलं. तो पांढरा पडला, पण तोंड चालूच राहिलं. "आमच्या घरची रीत वेगळी आहे, आजोबा. आमच्या सातव्या पूर्वजांना पीच फार आवडत."

"प्रत्येक घराची रीत वेगळी असते," ग्वोन शांतपणे म्हणाले. "असेलही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बुन-रेकडे वळले. "सूनबाई, तुम्ही सांगा. ही तुमच्या घरची रीत आहे?"

दोक-गिलने टोपीखालून तिला डोळ्यांनी विनवलं. फलक तिच्या एका 'हो'वर होता.

"आमच्या घरी पितर येत नाहीत, आजोबा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक येतं. ते मेज फोटोसाठी आहे. जेवण खाण्यासाठी आहे. बसा, गार होतंय."

ग्वोन बसले. भातात सोया कालवला, एक घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. पितरांच्या जेवणाच्या रीतीप्रमाणे लसूण नव्हता, मिरची नव्हती, भाज्यांचं तेल बेताचं होतं. "कोणाच्या चुलीवर शिकलात?" त्यांनी विचारलं. तिने आईचं नाव सांगितलं. त्यांनी वाडगा संपवला. शार्कचा तुकडाही शिल्लक ठेवला नाही.

पंधरा दिवसांनी फलक आला. त्यावर घराण्याचं नाव नाही. 'बुन-रे, तिच्या आईच्या हातचं', एवढंच. श्राद्धाचं मेज काढावं, अशी अट चिठ्ठीत होती.

दोक-गिलने मेज काढलं, टोपी काढली नाही. आता तो दारात उभा राहून बायकोच्या आईच्या सतरा पिढ्या सांगतो. परवा एक मुलगी त्याच्याबरोबर फोटो काढत होती. आतून बुन-रेने हाक मारली, "अहो, टोपी राहू द्या, पण मुळा किसून द्या."

तो गेला. टोपीसकट मुळा किसताना मी त्याला खिडकीतून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं करत होता, आणि तेही जाडं किसत होता.