ताईनं शिकवलेली वजाबाकी

तार आली तेव्हा मी आठवीच्या मुलींना गणित शिकवत होते. शिपायानं दारातूनच कागद पुढे केला. 'शेवंता गेली. लगेच या.' नागपूरहून पारशिवनीची बस मिळून मी पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं. कावीळ आठ दिवसांत तिला घेऊन गेली. मला कुणी कळवलं नाही, कारण तिनंच बजावलं होतं, "तिच्या पोरींच्या परीक्षा आहेत, तिले सांगू नका." माझी थोरली बहीण जाऊन आज दीड महिना झाला...

ती वर्षानं मोठी, पण गावच्या शाळेत सातवीपर्यंत आम्ही एकाच वर्गात होतो. गणितात ती माझ्या कितीतरी पुढे. मग आईनं अंथरूण धरलं, घरी कुणीतरी राहणं भाग होतं. ताईच बाबांना म्हणाली, "लहानीले जाऊ द्या." मी नागपूरच्या वसतिगृहात गेले आणि पहिल्याच दिवाळीत सहामाहीत नापास होऊन परतले. ऋण संख्यांनी माझा जीव खाल्ला होता. उणे दोन वजा केले की उत्तर वाढतं कसं, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. पेपर उशीखाली लपवून मी रडत होते.

"काहून रडून राहिली वं? आण ते पुस्तक."

आठवीचं पुस्तक तिनं प्रथमच हातात घेतलं होतं. भाकरी थापता थापता वाचलं, दुपारभर गप्प राहिली. मग मधोमध फोडलेले चिंचोके घेऊन ओसरीत बसली. तपकिरी बाजू वर असली की अधिक एक, पांढरी असली की उणे एक, आणि दोन्हींची जोडी जमली की शून्य. पाच तपकिरी आणि सात पांढरे मांडून तिनं जोड्या बाजूला सारल्या. दोन पांढरे उरले, म्हणजे उणे दोन. "आता तीनातून उणे दोन काढ," ती म्हणाली. समोर तीन तपकिरीच होते.

"पांढरे नाहीतच, तर काढू कुठून?"

"मंग आण ना. दोन जोड्या ठेव. जोडी म्हणजे शून्य, त्यानं काही बदलत नाही."

मी ठेवल्या, पांढरे दोन उचलले... पाच तपकिरी उरले. मी तिच्याकडे पाहतच राहिले. ती मात्र पान उलटून म्हणाली, "पुढचं काय आहे वं?" तिची ती भूक मला तेव्हा कळली नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. चिंचोक्यांनी शिकवू लागले, त्याचं नावही झालं. एकदा तपासणीला साहेब आले, त्या दिवशी ताई डॉक्टरला दाखवायला नागपुरात आली होती. तिला मागच्या बाकावर बसवून मी पाठ घेतला. साहेब खूश झाले. "ही पद्धत कुठं शिकलात?"

"माझं मलाच सुचलं, सर."

मागे पाहायची हिंमत झाली नाही. बसस्टँडवर ताई एवढंच म्हणाली, "चांगलं शिकवतं वं तू." बस सुटेपर्यंत क्षमा मागता आली असती. नंतरच्या प्रत्येक सुटीत मागता आली असती...

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत एकटी बसले होते. चारच्या सुमारास तीन मुली वह्या घेऊन दारात आल्या. ताई गावातल्या मुलींना रोज शिकवायची, हे मला ठाऊकही नव्हतं. "सवयीनं आलो," मोठी ओशाळून म्हणाली. मग मला निरखत तिनं विचारलं, "तुमीच का नागपूरवाल्या? बाई सांगे, हे चिंचोक्याचं मले माह्या लहान बहिणीनं शिकवलं. लय हुशार आहे ते."

मी म्हणाले, "नाही वं... तिनंच मले शिकवलं."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी हळूच, पण ठामपणे म्हणाली, "बाई खोटं नाही बोलायच्या."

त्या चटईवर बसल्या, खिडकीखालची जागा मोकळी सोडून. ताई तिथं बसायची. मीही तिथं बसले नाही.