गिरजामावशीच्या खिळ्यावरचे टोकन

चार रिटायर माणसं एका बाकावर बसली की किस्सा एकटा येत नाही. एकाचा संपायच्या आधी दुसऱ्याचा सुरू होते. आमच्या भिलाईच्या जुन्या लोकांत तर कोणी नुसती बिडी पेटवली तरी पुरे, लगेच गिरजामावशीचा पानठेला निघते. सांगणारे लय झाले, अन् जो तो आपला मीठमसाला टाकते. मी त्या ठेल्याच्या मागच्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. म्हणून भरवसा ठेवायचा तर माह्यावर ठेवा.

तेव्हा रशियाच्या मदतीनं पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता. आमी सगळे नागपूर-भंडाऱ्याकडून आलेलो, मावशीही तिकडचीच. तिचे मालक सुखदेवभाऊ रेल्वेत, भिलाई-3च्या यार्डात. त्यांच्या पगारात घर चाले, पण कमलची शाळा चाले ती ठेल्यावर. कमल म्हणजे त्यांची पोरगी, मॅट्रिकले बसणार होती. त्यांच्या खानदानात तोवर कोणी पोरगी सातवीच्या पुढं गेली नव्हती. "ठेला गेला का कमलची शाळा गेली," असं मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे.

आता आमची पद्धत ऐका. ड्युटीवरून यायचं, बूट काढायचे, खाटेवर पडायचं अन् पोट्ट्याले आवाज द्यायचा, "जा बे, मावशीच्या ठेल्यावरून बिडी आण." बाप स्वतःच बिडी घ्याले उठला तर बायकोले वाटे, पोट्टा बिमार आहे का काय.

*

एक दिवस प्लांटनं मार्केटवर नेमलेला इन्स्पेक्टर सायकलवर आला. पँटीले क्लिप, तोंडावर हसू नाही. त्यानं पाहिलं तर ठेल्यासमोर सगळे हाफपँटवाले, अन् सगळ्यांच्या हातात बिडीचे बंडल.

"बाई, सोलह साल से कम के बच्चे को बीड़ी-सिगरेट बेचना मना है. कानून है. दुबारा दिखा तो ठेला उठवा दूँगा."

मावशी म्हणाली, "साहेब, हे पित नाहीत जी. बापासाठी नेतात."

"कानून में बाप नहीं लिखा है. बच्चा लिखा है."

अन् तो निघून गेला. मावशी त्या दिवशी खरंच घाबरली. पानाले चुना लावायचं विसरली, अन् मी तसंच पान खाऊन घरी आलो. संध्याकाळी तिनं कमलले पाटी लिहाले बसवलं. कमल म्हणे, "आई, शुद्ध मराठीत लिहू का?"

"नको. समजंन असं लिही."

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर पाटी लागली: 'सोळाच्या आतल्यानं बापाले घेऊन यावं.'

*

आमच्या क्वार्टरांच्या सेक्टरमध्ये बोंब झाली. बापलोक म्हणाले, "हे काय, पोट्ट्याचं शाळेत नाव टाकून राहिलो का आमी?" कोणी म्हणे दोन दिवसांत मावशी नरम पडते, कोणी म्हणे कॅम्पातल्या बाजारातून बिडी आणू. पण कॅम्प दूर, अन् ड्युटीवरून आल्यावर एवढं चालते कोण?

पहिली चाल एका पोट्ट्यानंच केली. असंन बारा-तेरा वर्षांचा. चुलीतला कोळसा घेतला अन् झोकदार मिशी काढून आला. आवाजही जाड केला, "एक बंडल द्या."

मावशीनं लोटा पुढं केला. "उन्हातून आला भाऊ, तोंड धुऊन घे."

त्यानं बिचाऱ्यानं सवयीनं तोंड धुतलं.

मावशी म्हणाली, "मिशी तर वाहून गेली. आता बापाले आण."

*

रशियन साहेबाचा किस्सा मी माह्या डोळ्यानं पाहिला. एक तरुण इंजिनिअर, गोरा गोमटा, गालावर लव नाही. सोबत दुभाषा. सिगारेट मागितली. मावशी म्हणाली, "हा पोट्टा कितीचा?"

दुभाषा म्हणे, "पोट्टा नाही बाई, मोठा साहेब आहे. लग्न झालेला."

"मग मिशी कावून नाही?"

दुभाष्यानं काय सांगितलं देव जाणे, पण साहेब तरातरा गेला अन् थोड्या वेळानं बायको अन् दोन लेकरं घेऊन हजर झाला. छाती काढून उभा राहिला, घ्या पुरावा. सगळं मार्केट गोळा झालं. मावशीनं बायको पाहिली, लेकरं पाहिली, अन् पाकीट काढलं. पण साहेबाच्या हातात देण्याच्या आधी दुभाष्याले म्हणाली, "लेकराईले मागं उभं करा. सोळाच्या आतले आहेत."

लेकराईले तिनं लिमलेटच्या गोळ्या दिल्या. तो साहेब मग रोज तिच्याच ठेल्यावर येई, अन् आला का आधी गालावरून हात फिरवून दाखवी.

*

आमचा टिकाराम ऐका. याच्याएवढा आळशी माणूस साऱ्या प्लांटात नसंन. पोट्ट्याले बिडी मिळत नाही, अन् याच्यानं खाटेवरून उठवत नाही. आज जातो, उद्या जातो करता करता त्याची बिडीच सुटली! डॉक्टरनं सांगून सुटली नव्हती, सासऱ्यानं शपथ घालून सुटली नव्हती.

त्याची बायको मावशीसाठी पुरणपोळी घेऊन आली. मावशीनं ठेल्यावरच खाल्ली अन् म्हणाली, "गिऱ्हाईक गेलं, पण पोळी चांगली आहे."

*

खरा गोंधळ झाला टोकनाचा. तेव्हा प्लांटच्या प्रत्येक नोकरदाराले पितळेचं टोकन असे. गेटवर ते दिलं का माणूस हजर, नाही दिलं का गैरहजर. तोंड कोणी पाहत नसे. यावरून आमच्या रोलिंग मिलवाल्यांनी डोकं चालवलं. मावशीले बाप पाहिजे ना? मग टोकन पाठवा. गेटवर टोकन म्हणजे माणूस, तर ठेल्यावर कावून नाही?

संध्याकाळी पोट्टे टोकन घेऊन निघाले. मावशीनं एकेक टोकन घेतलं अन् फळीच्या खिळ्यांवर टांगलं.

"चला, बाप जमा झाला. तू घरी जा."

"अन् बिडी?"

"बिडी बाप नेईल."

सकाळी पहिल्या शिफ्टच्या भोंग्याच्या आधी ठेल्यासमोर ही लांब रांग. डबे हातात, डोळ्यांत झोप, अन् टोकनाशिवाय गेटवर कोणी उभं करत नाही. त्या रांगेत मीही होतो, लाज कशाची? मावशी एका हातानं टोकन देई, दुसऱ्या हातानं बंडल. सकाळी सकाळी तिची एवढी बोहनी त्याच्या आधी कधी झाली नव्हती. आमाले शिव्या द्यायच्या होत्या, पण टोकन तिच्या हातात होतं.

तेवढ्यात इन्स्पेक्टर सायकलवरून गेला. थांबला, रांग वरपासून खालपर्यंत पाहिली. एकही हाफपँट नाही, नुसते बाप. त्यानं पँटीची क्लिप नीट केली अन् पायडल मारून गेला. मावशीनं त्या दिवशी आमा सगळ्याईले फुकट सुपारी दिली.

*

कमल मॅट्रिक झाली, हे आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मधात थांबवू नका. पेढे ठेल्यावरच वाटले होते.

तर परीक्षेच्या आधीची गोष्ट. एक गोरा पोट्टा आला, इस्त्रीची हाफपँट. "पापाने सिगरेट मँगाई है," म्हणाला अन् टोकन पुढं केलं. पोट्टा कोणाचा हे मी ओळखलं, मावशीनंही ओळखलं. हा डाव असंन तर ठेलाही गेला अन् कमलची परीक्षाही. मावशीनं टोकन घेतलं, खिळ्यावर टांगलं अन् पोट्ट्याले लिमलेटची गोळी देऊन घरी पाठवलं.

सकाळी रांग लागली. सगळ्यात मागं सायकल हातात धरून इन्स्पेक्टर उभा. कोणी त्याले पुढं जाऊ दिलं नाही, अन् त्यानंही मागितलं नाही. टोकन मिळालेलेही गेटकडं गेले नाहीत, तमाशा पाहाले रांगेच्या बाजूलेच थांबले. सरकत सरकत तो मावशीसमोर आला. खाली पाहून बोलला, "वो... घर पे मेहमान आ गए थे. मैंने ही भेजा था. बाप हूँ मैं उसका."

मावशीनं टोकन काढलं, पदरानं पुसलं अन् त्याच्या समोर ठेवलं.

"साहेब, कानून में बाप नहीं लिखा है."

भोंगा वाजला. गेट उघडलं. रांगेतला एकही माणूस जागचा हलला नाही.