हळदीचं बोट

पॅटर्नकाका स्वतः केलेला चहा कधी आधी प्यायचे नाहीत. कप समोर ठेवायचे आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. तुम्ही घोट घेऊन "झकास" म्हणालात की मगच त्यांचा कप ओठाला लागायचा. पहिल्या वेळी मला वाटलं, हा माणूस चहात काहीतरी घालून माझ्यावर प्रयोग करतोय. नंतर कळलं की हा त्यांचा आयुष्यभराचा नियम होता. "आपल्या हाताचा जॉब आपण पास करायचा नाही," ते म्हणायचे. "करणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नसते, इन्स्पेक्टर. डोळे असतात, पण ते आपल्याच बाजूचे असतात."

मला ते इन्स्पेक्टर म्हणायचे, कारण सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात होते. ते दुसऱ्या एका कारखान्यात पॅटर्नमेकर. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती लाकडात करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. चाळीस वर्षं काकांनी हेच केलं. "लोकं वस्तू बनवतात," ते म्हणायचे, "आम्ही वस्तू नसलेली जागा बनवतो." हे ते हसत हसत सांगायचे, पण मला ते ऐकायला कधी आवडलं नाही.

आमची रो-हाउसं एकमेकांना चिकटून होती. मधल्या भिंतीतून त्यांचा रंधा ऐकू यायचा आणि माझ्या कुकरच्या शिट्ट्या ते मोजायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. काकांनी विमान करायला घेतलं. खरंखुरं, एका माणसापुरतं, लाकडाचं विमान. परदेशातून नकाशांचं बाड मागवलं, त्याबरहुकूम हलकं, सरळ शिरांचं लाकूड मिळवलं आणि गाडी ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंखांच्या फासळ्या ओळीनं टांगायला सुरुवात केली.

"आणि उडवणार कोण?" मी विचारलं.

"मी."

"काका, तुम्हाला जिना चढवत नाही."

"म्हणूनच तर विमान करतोय."

दिंडोरीला त्यांच्या भाच्याच्या द्राक्षबागेशेजारी एक लांब सपाट पट्टी पडीक होती. तिथं न्यायचं, दोन पुरुष उंचीवर जायचं आणि परत टेकायचं. बास, एवढंच. परवानगीचं काय, असं विचारलं की म्हणायचे, "आधी जॉब पास तर होऊ दे." ओझरच्या विमानतळाच्या बाजूनं एखादं विमान गर्जत गेलं की ते मान वर करायचे नाहीत. नजर हातातल्या लाकडावरच असायची, फक्त रंधा थांबायचा.

आता पास कोण करणार? मला वाटलं, हे काम माझ्याकडे येईल. पण काकांनी काकूंना बसवलं. काकू मखमलाबादकडच्या, फुलं पिकवणाऱ्या घरातल्या, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. पण त्यांचा कान असा होता की उन्हाळ्यात माठ घ्यायला अख्खी गल्ली त्यांना बरोबर न्यायची. बोटाच्या पेरानं माठ वाजवायच्या आणि कुंभाराच्या तोंडावर सांगायच्या, "ह्याला चीर हाय. वरून दिसत नाय, पन हाय." कुंभार आधी भांडायचा आणि मग गुपचूप दुसरा काढून द्यायचा. गोंदानं जोडलेला लाकडाचा सांधाही तसाच वाजवून बघतात. गोंद सगळीकडे धरला असेल तर टणक आवाज येतो, आत कुठं पोकळ राहिलं असेल तर बद्द. काकांनी दोन दिवस शिकवलं, तिसऱ्या दिवशी काकू काकांनाच शिकवायला लागल्या.

"हा बोलतोय," त्या म्हणायच्या आणि सांध्यावर हळदीचं बोट टेकवायच्या. अनामिकेचं, कुंकू लावावं तसं. किंवा म्हणायच्या, "हा मुका हाय. काढा."

मुका म्हटलं की संपलं. काका वाद घालायचे नाहीत. पटाशी घ्यायचे, सांधा उकलायचे, घासून साफ करायचे आणि नव्यानं जोडायचे. मी रविवारी चहाला गेले की हिशेब ऐकायचे: दहा केले, सहा मुके. "आमच्याकडे एवढं रिजेक्शन निघालं असतं तर कारखान्याला टाळं लागलं असतं," मी म्हणायचे. काका मान डोलवायचे. एक पंख पुरा व्हायला पाच वर्षं लागली. धड होत आलं की शेपटीत काहीतरी मुकं निघायचं, शेपटी झाली की पुन्हा धडात. अशी नऊ वर्षं गेली. आणून ठेवलेलं इंजिन खोक्यातल्या खोक्यात जुनं झालं.

नवव्या वर्षी काकू आजारी पडल्या आणि महिन्याभरात अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मी त्यांचे केस विंचरत होते. शेडमधून रंध्याचा आवाज येत होता. त्या हळूच म्हणाल्या, "येक सांगू का गं? चांगले बोलायचे ना, त्येबी मी मुके म्हनून सांगितले. येक-दोन नाय. लय."

माझ्या हातातली फणी थांबली. "का हो?"

"पुरं झालं की बसतील ना त्यात." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "मी गेल्यावर तू बघशील? त्यांना जाऊ देऊ नको."

मी बघेन म्हणाले. आजारी माणसाला दुसरं काय म्हणणार? आठवड्याभरात काकू गेल्या.

तेरावं झाल्यावर काकांची मुलगी चार दिवस राहिली. स्वयंपाकघर आवरलं, मसाल्याचा डबा रिकामा करून घासून पालथा घातला, काकांना मेसचा डबा लावून दिला आणि सासरी गेली. मी वाट बघत होते की आता काका मला बोलावतील. रंधा पुन्हा सुरू झाला, पण बोलावणं आलं नाही. शेवटी एका रविवारी मीच गेले. उजव्या पंखाच्या नव्या फासळ्या बसवून झाल्या होत्या आणि प्रत्येक सांध्यावर हळदीचं बोट होतं.

"हे कुणी लावलं?"

"सकाळी आलो की असतं," काका म्हणाले. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

"काका, तुम्ही झोपेत..."

"आपल्या हाताचा जॉब आपण पास करायचा नाही," ते म्हणाले, आणि त्या आवाजात पुढं बोलायला जागा नव्हती.

मी तपासणी खात्यातली बाई. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, मोजपट्टीवर आहे. मी तो ठसा नीट पाहिला. काकांची बोटं सुताराची, जाड, नखं चेपलेली. हा ठसा माझ्या बोटापेक्षाही बारीक होता. घरात हळद नव्हती. तरी मी स्वतःला समजावलं की म्हातारा माणूस आहे, एकटा आहे, करत असेल काहीतरी, आठवत नसेल. मग खिशातला रुपया काढून एकेक सांधा वाजवला. सगळे टणक होते. हे मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण त्यात एकही मुका नव्हता.

नऊ वर्षं दहातले सहा परत जायचे. आता दहाच्या दहा पास. दर रविवारी मी जायचे आणि विमान पुढं गेलेलं असायचं. आमच्या गल्लीत निम्मी माणसं रात्रपाळीची, त्यामुळे भर दुपारी सगळं चिडीचूप असायचं. त्या शांततेत मधल्या भिंतीला कान लावला की कधी कधी टक टक असा आवाज यायचा. पेरानं माठ वाजवल्यासारखा. त्या वेळी काका बाहेर, माझ्याच ओट्यावर पेपर वाचत बसलेले असायचे. मी त्यांच्याकडे बघायचे. ते पान उलटायचे आणि म्हणायचे, "चालू आहे काम."

पाच महिन्यांत विमान उभं राहिलं. काका हडकले होते, पण डोळ्यांत असं तेज की बघवत नव्हतं. शेडच्या बाहेर निघतील असे पंख सुटे करून ठेवले होते. "सोमवारी टेम्पो येतोय," ते म्हणाले. "दिंडोरीला जोडून घेऊ." त्या शनिवारी दुपारी मी रुपया घेऊन पुन्हा गेले. शब्द दिला होता, तो मला टोचत होता. डाव्या पंखाच्या मुख्य वाशाचा मुळाकडचा, धडाजवळचा जोड, तो सगळ्यात भार घेणारा सांधा. त्यावर ठसठशीत पिवळं बोट होतं. मी वाजवलं. बद्द.

पुन्हा वाजवलं. वरून, खालून, पेरानं, रुपयानं. बद्द, बद्द. कच्च्या शिकाऊ उमेदवारालाही कळलं असतं.

"काका, हा मुका आहे."

"तिनं पास केलाय."

"काकूंचा कान चुकला असेल."

"तिचा कान चुकत नाही. तुला ठाऊक आहे."

मग माझा संयम सुटला. जे कधीच बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. म्हटलं, "काका, काकू तुम्हाला फसवत होत्या. चांगले सांधे मुके सांगायच्या. तुम्ही यात बसू नये म्हणून. मला स्वतः सांगितलंय त्यांनी."

काकांनी पंखावरची धूळ तळव्यानं पुसली. जराही दचकले नाहीत.

"सांधा उकलताना दिसतं ना गं," ते म्हणाले. "गोंद धरला असेल तर लाकूड फाटतं, गोंद सुटत नाही. पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला. चाळीस वर्षं लाकडात गेलेला माणूस मी."

"मग नऊ वर्षं कशाला उकलत बसलात?"

"ती थांबा म्हणत होती, मी थांबलो." ते पिवळ्या बोटाकडे बघत होते. "आता ती या म्हणतेय."

बाहेर कांदे-बटाट्याची गाडी ओरडत चालली होती. स्वच्छ ऊन होतं. आणि मला फार भीती वाटली. हा सांधा मुका आहे हे त्यांना माहीत होतं. मी यायच्या आधीपासून माहीत होतं.

मला देवाधर्मातलं काही येत नाही. जे येत होतं तेवढंच केलं. कारखान्यात म्हणायचे त्या आवाजात म्हटलं, "काका, माझ्याकडून नापास."

त्यांनी मान वर केली.

"एक तपासणीस पास म्हणाला आणि दुसरा नापास, तर जॉबचं काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी त्या पिवळ्या ठशावर एकदा अंगठा फिरवला. शेवटी म्हणाले, "नापास." आणि पटाशी घेतली. पहिल्यांदाच मी पंख धरून उभी राहिले. सांधा एका फटक्यात उघडला. आत अर्ध्याहून जास्त भाग कोरडा, लाकूड कोरं. गोंद लागलेलाच नव्हता. असा सांधा काकांच्या हातून होणं शक्य नव्हतं. त्यांनी तो कधी जोडला, कसा जोडला, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

ते स्टुलावर बसले. एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले. "तू तुझं काम केलंस," ते म्हणाले. "पण ती वाट बघतेय गं. तिला मी आता काय सांगू?"

त्यावर मी जे केलं त्याची आजही मला लाज वाटते आणि अभिमानही वाटतो. त्या रिकाम्या शेडकडे तोंड करून, शेजारीण शेजारणीशी भांडते तशी मी मोठ्यानं बोलले, "काकू, जिवंतपणी तुम्हीच माझ्याकडून शब्द घेतलात. जाऊ देऊ नको म्हणालात. आता मेल्यावर तो फिरवता यायचा नाही. मी ऐकणार नाही."

टांगलेली एक फासळी हलली. पत्रा तापला की आतली हवा हलते, हे मला माहीत आहे. मग सगळं थांबलं. काकांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ ते कान देऊन बसले होते. मीही ऐकत होते. काहीच ऐकू आलं नाही.

सोमवारी काकांनी टेम्पो परत पाठवला. तो सांधा त्यांनी पुन्हा जोडला, उत्तम जोडला. मी वाजवून बघितला आणि पास म्हणाले, तर नुसतं "बरं" म्हणाले. हळदीचं बोट मात्र त्यावर उमटलं नाही, त्यावरही नाही आणि दुसऱ्या कशावरही नाही. काका रोज सकाळी शेडचं दार उघडायचे, आत बघायचे आणि परत लावून घ्यायचे. त्यानंतर ते चार वर्षं जगले. रविवारचा चहा चुकला नाही. ते करायचे, मी घोट घ्यायचे, झकास म्हणायचे, मग ते प्यायचे. माझ्याशी एका शब्दानं वाकडं वागले नाहीत. पण त्या चार वर्षांत ते मला एकदाही म्हणाले नाहीत की, इन्स्पेक्टर, तू बरं केलंस.